नाव काय ठेवताय मग?

माई, आधी कढीपत्ता तोडून घ्या, मग बोलू. भिंतीकडच्या फांद्या घ्या, त्या जून झाल्यात. काय म्हणालात, रविवारी बारसं? आणि नाव अजून ठरत नाही? तरीच काल रात्री तुमच्याकडे आवाज चढले होते. मी कान देऊन ऐकत नव्हते हो, आमची खिडकी उघडी होती.

गुरुजींनी अक्षर काढलं 'डो'? अगंबाई! म्हणजे आश्लेषेचा चौथा चरण. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण, अशी 108 अक्षरं वाटायची म्हटल्यावर कुणाच्या तरी पदरात 'डो' पडणारच. म्हणून काय पोरीला डोंगराबाई म्हणायचं? ते नावरस नाव पत्रिकेत राहू दे आणि हाकेचं वेगळं ठेवा. आपल्याकडे निम्म्या लोकांना स्वतःचं पत्रिकेतलं नाव लग्न ठरेपर्यंत ठाऊक नसतं.

सूनबाईंनी काय काढलंय? कियांशी? मोबाइलवर अर्थ काय दिलाय, 'देवाची देणगी'? त्या याद्यांत निम्म्या नावांचा अर्थ तोच असतो, उरलेल्यांचा 'सूर्यकिरण'. पण माई, खरं सांगू? नाव कोशात सापडत नाही म्हणून माझं पोट दुखत नाही. तुमचे आजेसासरे धोंडिबा, आमच्याकडे दगडू आणि कचरू. कोश उघडून पाहिला तर काय अर्थ निघतो त्यांचा? पण आधीची दोन-तीन लेकरं हाती लागली नाहीत की पुढच्याला उकिरड्यावर लोळवून आणायचे आणि कचरू म्हणायचे. दगडाला कुणाची दृष्ट लागते? हे पोर तरी जगू दे, एवढंच त्या नावात असायचं. शहाजीराजांचंही सांगतात ना, मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, मुलगे झाले आणि एकाचं नाव शहाजी ठेवलं, दुसऱ्याचं शरीफजी. मागणं त्या लेकरांसाठीच होतं.

तुम्ही तेव्हा मुंबईला होतात, नाहीतर आपल्या साताऱ्याचं तुम्हाला ठाऊक असतं. माझ्या वर्गात एक नकुसा होती. तिसरी-चौथी मुलगी झाली की ठेवायचे हो, नकुसा नाहीतर नकोशी. देवाला कळवायचं, मुली पुरे झाल्या, आता मुलगा धाड. तुम्हाला ती हिंदी मालिका आठवते ना, त्यातल्या नायिकेचं नाव नकुशा होतं? बघणाऱ्या बायका डोळे पुसायच्या. मी मात्र रोज सकाळी हजेरी घ्यायचे, "नकुसा?" आणि ती उभी राहून म्हणायची, "हजर, बाई."

आता तुम्ही म्हणाल, दगडू काय नि नकुसा काय, दोन्ही ओबडधोबडच. नाही हो, माई. दगडू हे नाव दगडूसाठी होतं. नकुसा हे नाव नकुसासाठी नव्हतंच, ते तिच्यामागून यायच्या भावासाठी होतं. तो आला तरी हिचं नाव बदलायचं कुणाला सुचायचं नाही. काम झालेलं असायचं ना!

मग 2011 च्या ऑक्टोबरमध्ये जिल्हा परिषदेने समारंभ केला. जिल्हाभरातल्या 285 मुलींची नावं बदलली, हातात नव्या नावाची प्रमाणपत्रं दिली. कुणी वैशाली झाली, कुणी सावित्री, कुणी थेट ऐश्वर्या. आमच्या शिक्षकखोलीत एकजण हसल्या, सिनेमातली नावं घेतात म्हणून. मला नाही हसू आलं. जिला घरच्यांनी नको म्हटलं, तिने स्वतःसाठी सगळ्यात झगझगीत नाव उचललं, तर काय चुकलं? आमची नकुसा पहिले काही दिवस नव्या नावाला ओ द्यायचीच नाही. शेजारची पोरगी कोपराने ढोसायची, तेव्हा कुठे उठायची. आणि कागदावर काही असो, गल्लीत हाक जुनीच. तिची आजी मला म्हणाली, "बाई, जिभेला वळण पडलंय." मी म्हटलं, जिभेला वळण तुम्हीच लावलंत ना?

असो. तुमच्या घरात पोरगी हवी होती, पेढे वाटलेत, तेव्हा तो प्रश्न नाही. पण काल ते 'कुलदीपिका' कुणी सुचवलं? तुमच्या यजमानांनी? वाटलंच. पोरगी आठ दिवसांची नाही झाली तोवर कुळाची जबाबदारी तिच्यावर! त्यापेक्षा मला तुमच्या सूनबाईंची कियांशी बरी. तिला एकदा विचारा तरी, हे नाव का आवडलं. नाहीतरी 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या लेकरांच्या नावापुढे शाळेच्या कागदांपासून सगळीकडे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे पोरीच्या नावाला चिकटून सूनबाईच उभी राहणार आहे. तुम्ही दोघं नाही, हे यजमानांना जरा हळू आवाजात सांगा.

आणि घाई कसली? जन्माची नोंद 21 दिवसांत करून टाका, नावाची जागा रिकामी राहिली तरी चालते. वर्षभरात भरलं तर शुल्कही नाही. बारसं मात्र रविवारीच उरका, मी घुगऱ्यांना हरभरे भिजत घालते.

बाळाची आत्या कोण, पुण्याचीच ना? मग तिला शनिवारीच नाव नीट सांगून ठेवा. थोरल्या नातवाच्या वेळी तिने कानात कुर्रर्र करून स्वतःच्या मनातलंच नाव ठेवलं होतं आणि तुम्ही सगळे पाळण्याभोवती एकमेकांची तोंडं बघत होतात!