आरसा लोह्याला पोचला

मंडईत गवार निवडत होतो. फोन वाजला. पलीकडून भारदस्त आवाज आला, "वीरजी, गीझर दा स्विच कित्थे है?" मी गवारीची मूठ तशीच धरून म्हणालो, "बाथरूम के बाहर. कॅलेंडर के पीछे." पलीकडं 'टक्' असं वाजलं आणि पुण्याच्या मंडईतून नांदेडचा गीझर सुरू झाला. भाजीवाली विचारत होती, "किती देऊ?" मी म्हणालो, "साडेचारशे." माझ्या डोक्यात किलोमीटर होते, तिनं ग्रॅम तोलले.

नांदेडला वजिराबादेत वडिलांचं घर आहे आणि लातूरला सासऱ्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. दोन्हीकडची माणसं गेली, कुलपं राहिली. घर रिकामं ठेवलं तर वाळवी लागते आणि भाड्यानं दिलं तर भाडेकरू लागतो, असं वडील म्हणायचे. दोन्ही लागू नये म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. चार दिवस, आठ दिवस, फार तर दोन महिने राहणाऱ्यांना घर द्यायचं आणि सगळा कारभार पुण्यातून फोनवर बघायचा. बायको म्हणाली, "म्हणजे आपण झोपलेलो असताना घर कमावणार." त्यानंतर आम्ही नीट झोपलेलो नाही.

या धंद्याची मूळकथा प्रसिद्ध आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या दोन पोरांना 2007 साली घरभाडं परवडेना, म्हणून त्यांनी दिवाणखान्यात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले. त्यातून 2008 साली एअरबीएनबी उभी राहिली. त्याच 2008 साली नांदेडला गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, रस्ते रुंद झाले आणि देशोदेशीचे लाखो भाविक आले. हवेची गादी कुणी शोधली नाही. सतरंजी होती. ज्या गावात लंगरमध्ये रोज हजारो माणसं पोटभर जेवतात, जिथं यात्री निवासात नाममात्र पैशात पाठ टेकता येते, तिथं भाड्यानं घर द्यायला निघणं म्हणजे पाणपोईला टेकून पाण्याच्या बाटल्या विकायला बसणं. तरी दसरा, दिवाळी, होला महल्ला आला की सगळे निवास भरतात, आणि म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन सचखंड एक्स्प्रेसनं दीड दिवसाचा प्रवास करून उतरलेल्या एखाद्या कुटुंबाला स्वतंत्र घर हवं असतं. तेवढ्यावर आमचं दुकान चालतं.

घर सजवायचं कसं, याचे सल्ले मी भक्तिभावानं वाचले होते. उशांवर उशा रचा, भिंतीवर एक चित्र लावा, टेबलावर स्वागताची चिठ्ठी ठेवा. आम्ही सगळं केलं. पहिल्या पाहुण्यांनी उशा एका कोपऱ्यात रचल्या, चिठ्ठीच्या पाठीमागं हिशेब लिहिला आणि विचारलं, "दोरी कुठं आहे?"

पगडीचं कापड पाच-सहा मीटर असतं. ते धुतलं तर वाळत घालायला तेवढी दोरी लागते. वाळलं की दोन टोकांना दोन माणसं उभी राहून ताणून त्याची घडी घालावी लागते. सरदारजी एकटेच लवकर उठले, तर दुसरं टोक धरायचं कुणी? ते काम शेजारच्या मावशींनी अंगावर घेतलं. किल्ली त्यांच्याकडं असते. पहाटे सडा टाकायला बाहेर आलेल्या मावशी एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात केशरी पगडीचं टोक धरून अंगणात उभ्या, समोर सहा फुटी सरदारजी, हे दृश्य मी पाहिलेलं नाही. मला ते फोनवर कळलं. "लांब लई असतंय रे," एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

दुसरी मागणी आरशाची. आमच्या घरातला आरसा वडिलांच्या उंचीचा होता, आणि वडील पाच फूट तीन इंच. पगडी बांधणाऱ्या माणसाला त्यात हनुवटी दिसायची. मोठा आरसा हवा होता, आणि तो वरती हवा होता.

लातूरचं गणित नेमकं उलटं निघालं. गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात, पण हल्ली बाहेरगावाहून आलेला माणूस सतरावाच रस्ता विचारतो, उद्योग भवनाकडच्या ट्यूशन एरियाचा. शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी नावारूपाला आणलेला 'लातूर पॅटर्न' आता अख्ख्या मराठवाड्याच्या आयांना ठाऊक आहे. बीड-परभणीकडच्या बाया परीक्षेच्या आधी एक-दोन महिने कुकर, पोळपाट आणि पोरगं घेऊन लातूरला येतात. त्यांच्यासाठी आम्ही हौसेनं टीव्ही बसवला होता. पहिल्याच आईनं सांगितलं, "टीव्ही काढून न्या. भाडं तेवढंच देते." दुसरीनं सोफा काढायला लावला, त्याच्यावर पोरगं आडवं होतं म्हणून. तिसरीचा फोन रात्री अकराला आला. "दादा, आरसा तेवढा काढा. पोरगी केस विंचरायला अर्धा तास लावूलालीय. तेवढ्यात फिजिक्सचं एक प्रकरण होतंय."

म्हणजे नांदेडला घर भरलं की पाहुणा खूश, लातूरला रिकामं केलं की. आरसा तेवढा सामाईक होता.

मग तो आरसा लातूरहून नांदेडला धाडायचा बेत पुण्यात ठरला. लातूरला खालच्या मजल्यावर मेस चालवणाऱ्या काकू आहेत. त्यांनी आरसा सोलापुरी चादरीत गुंडाळला, वर 'काच आहे' असं लिहिलं, आणि नांदेडला माहेरी निघालेल्या एका ओळखीच्या बाईच्या हवाली केला. लालपरीत त्या बाईनं स्वतःचं तिकीट काढलं आणि आरशाला खिडकीजवळची जागा दिली. दिवसभर माझ्याकडं बातम्या येत होत्या. आरसा चाकूरला. आरसा अहमदपूरला चहाला थांबला. आमच्या ऑफिसात महत्त्वाची मीटिंग चालू होती, आणि मी टेबलाखाली फोन धरून वाचलं, "आरसा लोह्याला पोचला." माझ्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून साहेबांना वाटलं, मला त्यांचा मुद्दा पटला.

अर्थात आपण आधुनिक माणसं. कुणावर अवलंबून राहू नये म्हणून मी नांदेडच्या दाराला आकडे दाबून उघडणारं कुलूप बसवलं. मे महिन्यातल्या एका दुपारी, पारा त्रेचाळीसवर असताना, त्याचा सेल संपला. ओट्यावर जालंधरचं कुटुंब, आत थंडगार कूलर आणि मधे माझी प्रगती. मावशींनी सगळ्यांना आपल्या घरात नेलं, ताक पाजलं आणि मला फोन केला. "कुलपाला सेल लागत असतेत का रे?" मला उत्तर सुचलं नाही. जुनं कुलूप पुन्हा लागलं, किल्ली तुळशीच्या कोनाड्यात गेली. मग मी अंगणात कॅमेरा लावला. त्यात मला महिनाभर फक्त कुरडया दिसल्या. मावशींना वाळवणाची चादर बांधायला कॅमेऱ्याचाच खिळा सोयीचा पडला होता. पाहुणे कधी आले, कधी गेले, कळलं नाही. कुरडया यंदा पांढऱ्याशुभ्र झाल्या, हे मात्र मला मावशींच्या सुनेच्या आधी कळलं.

दुरून कारभार करण्याची कला नांदेडला नवी नाही, अशी मी मनाची समजूत घालतो. गुरू गोविंदसिंगजींनी 1708 साली गोदाकाठी देह ठेवला. तिथं आज जो गुरुद्वारा उभा आहे तो महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात बांधवून घेतला. महाराज लाहोरला आणि बांधकाम निजामाच्या मुलखात. कारागिरांनी काही विचारलं तर उत्तर यायला ऋतू पालटत असणार. महाराजांचा मुक्काम काही नांदेडला पडला नाही. आपण उभं केलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नाही, तरी ते उभं राहिलं आणि टिकलं. कारण जागेवर कुणीतरी होतं. इतिहासात महाराजांचं नाव आहे. किल्ली कुणाकडं होती, ते आपल्याला ठाऊक नसतं.

लातूरच्या आया मात्र पलंग बघत नाहीत, चादर बघत नाहीत. घरात पाऊल टाकलं की आधी नळ सोडून बघतात. 2016 साली याच गावात पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लागू करावं लागलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींची पहिली रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. तेव्हा सासऱ्यांच्या या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या जागी दोनशे लिटरचे तीन पिंप होते, आणि पाहुण्यांना बसायला त्यांच्यावरच फळी टाकलेली. सासरे म्हणायचे, "बसा, पण वाकू नका." फ्लॅट देण्याजोगा करताना मी दोन पिंप काढायला सांगितले. मेसवाल्या काकूंनी हो म्हटलं आणि काढले नाहीत. त्या दोन पिंपांवर आता पोरं पुस्तकं ठेवतात.

आणखी एक गोष्ट मी दुरून कधीच ठरवू शकलो नसतो. नातवाच्या परीक्षेसाठी एक आजी आल्या होत्या, किल्लारीजवळच्या. आमचा पलंग आतल्या भिंतीशी, वर सामानाचा माळा. फोटोत छान दिसायचा. आजींनी पहिल्याच रात्री नातवाला हाताशी घेऊन तो दारापाशी ओढला. काकूंनी विचारलं तर म्हणाल्या, "डोक्यावर वजन नको. अन् दार पायाशी पाहिजे." 30 सप्टेंबर 1993, किल्लारीच्या भूकंपाची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली, आणि दगडमातीची घरं अंगावर आली. आजींनी एवढं काही सांगितलं नाही. पलंग अजून दारापाशीच आहे. फोटोत आता तो आडवा येतो. येऊ दे.

असं करत दोन्ही घरं पाहुण्यांनीच सजवली. नांदेडच्या फडताळात लस्सीचे उंच स्टीलचे ग्लास जमले. एक निघाला की दुसऱ्यासाठी ठेवून जातो. लातूरला कुकरच्या चार रिंगा, लोणच्याच्या सहा बरण्या आणि भिंतीवर कुणीतरी चिकटवलेला आवर्तसारणीचा तक्ता. मी विकत घेतलेल्या उशा कुठं गेल्या, हे विचारायचं मी सोडून दिलं आहे.

मागच्या महिन्यात कामानिमित्त दोन दिवस नांदेडला गेलो. आपल्याच घरात राहायचं ठरवलं. मावशींनी कोनाड्यातून किल्ली काढली आणि एक दोनशेपानी वही उघडली. ही वही मला माहीत नव्हती. त्यात प्रत्येक पाहुण्याची नोंद होती. नावं फार थोडी. 'अमृतसर. 5 माणसं. दूध दीड लिटर. म्हातारीला कमोडजवळ स्टूल.' 'पतियाळा. नवीन जोडपं. उशिरा उठतेत, हाक मारायची नाही.' मी पुण्यात बसून ठेवलेल्या तक्त्यात फक्त तारखा आणि रकमा होत्या. घर कोण चालवतं, हे त्या वहीत स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या दिवशी त्या देवाला गेलेल्या असताना मी हळूच शेवटचं पान पाहिलं. 'पुणे. 1 माणूस. दात घासताना नळ चालू ठेवतो.'

मी नळ बंद करून दाढीला उभा राहिलो. लोह्यामार्गे आलेला तो आरसा भिंतीवर ऐटीत होता, पण एवढा वर की मला त्यात फक्त माझं कपाळ दिसत होतं. मावशी परतल्यावर म्हणालो, "मावशी, हा जरा खाली घेऊ या का?"

"दोन दिवसांसाठी कशाला?" त्या म्हणाल्या. "शुक्रवारी लुधियान्याचे येऊलालेत."

त्यांनी देवघरातला पाट आणून दिला. मी त्यावर उभा राहून दाढी केली.