डबल स्टँडवाले काका

बारावीचा निकाल लागला की सोसायटीत दोघांचा भाव वधारतो. एक पेढेवाला आणि दुसरे ‘गाडीतलं कळणारे’ काका. पेढेवाल्याची गर्दी चार दिवसांत ओसरते. काकांचा भाव मात्र पोराला अठरा पूर्ण होऊन दारात गाडी उभी राहीपर्यंत टिकतो.

काका कोथरूडला राहतात. (तसे ते नाशिकला आणि डोंबिवलीलाही राहतात, पण आपण कोथरूडचे धरू.) बँकेतून निवृत्त झालेले. गाडी स्प्लेंडर, तीही हीरो आणि होंडा यांचा संसार सुरळीत चालला होता त्या काळातली. तेव्हापासून बाजारात कितीतरी मॉडेलं आली आणि गेली. काकांनी त्यातलं एकही घेतलेलं नाही, पण मत प्रत्येकाबद्दल आहे. ‘पिकअप आहे हो, पण पार्ट मिळत नाहीत.’ नाना पेठेत पार्ट मिळतो का, एवढ्यावर ते गाडीचं चारित्र्य ठरवतात.

ज्या घरातून काकांना बोलावणं येतं, त्या घरात आधीच तीन तट पडलेले असतात. चिरंजीवांना ड्यूक हवी असते. आईला ॲक्टिव्हा हवी असते, कारण गिअरची भानगड नाही आणि भाजीची पिशवी पुढे पायाशी राहते. वडिलांना कुठलीच नको असते, पण घ्यायचीच तर ‘ॲव्हरेज किती?’ हा प्रश्न ते सेल्समनपासून सिग्नलला शेजारी थांबलेल्या परक्या माणसापर्यंत सगळ्यांना विचारून बसलेले असतात. शिवाय साताऱ्याहून फोनवर बोलणारा एक मामा असतो. त्याचं म्हणणं, पुरुषाच्या जातीला बुलेटच शोभते.

काका चहाचा कप उचलण्याआधी विचारतात, “अठरा पूर्ण आहेत ना? आधी कायदा.” मग कायदा सुरू होतो. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. इथे काका हमखास लुनावर घसरतात. १९७२ साली आलेली लुना, तिचे पेडल, चढाला ते कसे मारावे लागत... वहिनी कपबशा उचलू लागल्या की भानावर येऊन ते २०१९ च्या दुरुस्तीवर येतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. हे ऐकून चिरंजीवांचा चेहरा पडतो. बापाला कैद म्हटल्यावर वहिनींचा मात्र क्षणभर उजळतो.

नव्या गाड्यांवर काकांचा राग आहे. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सहा आलं, आणि बहुतेक गाड्यांचा चोक गेला, पेट्रोलचा कॉकही गेला. “मग रिझर्व्हला लागली हे कळायचं कसं?” काटा दाखवतो, हे उत्तर त्यांना पटत नाही. वाटेत गाडी धडधडून बंद पडावी, वाकून कॉक फिरवावा आणि देवाचं नाव घेऊन किक मारावी, यातून मुलाला जबाबदारी कळते, असा त्यांचा सिद्धांत आहे.

एवढं सगळं सोसून लोक त्यांना शोरूममध्ये का नेतात, ते तिथे गेल्यावर कळतं. सेल्समन सीसी, एलईडी आणि हप्ते सांगत असतो. चिरंजीव ड्यूकवर बसून आरशात केस बघत असतात, वडील मोबाइलवर आकडेमोड करत असतात. काका गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकलेले असतात. ते पोराच्या टाचा बघत असतात. “दोन्ही टेकव. चवडे नाही, टाचा.” टाचा अधांतरीच. “लायसन्सच्या वेळी आठ काढताना पाय टेकला की नापास. आणि सिग्नलला पाय टेकला नाही की आडवा.”

मग ते पोराला खाली उतरवून गाडी ढकलायला लावतात. रॅम्पवरून मागे. स्प्लेंडर साधारण ११२ किलोंची, ती हसतखेळत येते. मामांची बुलेट १९५ किलोंची. दोन पावलांत पोराचा दंड थरथरतो आणि सेल्समन धावतो. शेवटी काकांची खास परीक्षा: “डबल स्टँडला लाव.” ड्यूकला डबल स्टँडच नाही, हे सेल्समन मान खाली घालून सांगतो. “किकही नाही?” तीही नाही. काका वडिलांकडे वळून नुसते बघतात. २०० सीसीची ड्यूक पंचवीस घोड्यांची, स्प्लेंडर आठांची. “आणि घोडेस्वार,” काका म्हणतात, “अजून रस्ता क्रॉस करताना आईचा हात धरतो.”

चिरंजीव लालबुंद होतात. पण खरं सांगायचं तर सगळ्या शोरूममध्ये त्या पोराकडे बघणारे काका एकटेच असतात. बाकी सगळे गाडीकडे बघतात.

निकाल बहुधा तडजोडीचा लागतो. १२५ सीसीची पल्सर, रंग काळा. कर्ज वडिलांचं, ऐट चिरंजीवांची. काका एकच अट घालतात, तीही हेल्मेटविरोधी मोर्चे निघणाऱ्या या शहरात: आयएसआयचं हेल्मेट आजच, आणि ते आरशाला टांगायचं नाही. दसऱ्याला हार, नारळ, चाकाखाली लिंबू. पहिली चक्कर अर्थातच काकांची. परत येऊन ते म्हणतात, “पिकअप आहे हो...” पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं.

तुमच्या सोसायटीतही असे काका असतील. त्यांना शोरूममध्ये जरूर न्या. फक्त किमतीचं बोलणं संपेपर्यंत त्यांना बाहेर चहाच्या टपरीवर बसवा. विम्यावरून ते सेल्समनशी भांडतात, आणि दर वेळी सवलत जाते.