नातेपुत्याच्या बोर्डावर टिकणारा नट : लक्षणे व तयारी

ज्याच्या प्रवेशाला प्रेक्षक चहा प्यायला उठत नाही, तो उत्तम नट. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार आहेत. माळशिरस तालुक्यातील नातेपुते येथेही परीक्षा याच चार विषयांत होते. फक्त निकाल शिट्टीने लागतो. पंढरीच्या वाटेवर माउलींची पालखी इथे मुक्कामाला असते. वारीतली भारुडे, अकलूजच्या लावणी स्पर्धा आणि यात्रांमधले तमाशे पाहून तयार झालेला हा प्रेक्षक सहजी फसत नाही.

आंगिक : आपल्याला दोन हात आहेत, हे नवख्या नटाला बोर्डावर गेल्यावरच कळते. एक हात तलवारीच्या मुठीवर ठेवावा, दुसरा मिशीवर. मिशी डिंकाने चिकटवलेली असल्यास दुसराही मुठीवरच ठेवावा.

वाचिक : माइक आला म्हणून आवाज कमावायचे सोडू नये. यात्रेत एका बाजूला पाळण्यांचा गोंगाट असतो, दुसऱ्या बाजूला हरवलेल्या पोराचा पुकारा. शिवाय वीज कोणत्याही वाक्याला जाते. जुन्या वगाला लिखित संहिता बहुधा नसे. कथानक ठरलेले असे आणि संवाद नट जागेवर रचत. त्यामुळे ‘पाठांतर झालं नाही’ ही सबब इथे चालत नाही.

आहार्य : अंगरखा चढवण्यापूर्वी मनगटावरचे घड्याळ उतरवावे. शाहिस्तेखानाच्या कमरेला मोबाइल वाजला, तर लाल महालावरचा छापा तिथेच फसतो. चैत्रातल्या यात्रेत रंग बेताने लावावा, नाहीतर वग संपण्याआधीच राजाचा चेहरा गळ्यात उतरतो.

सात्त्विक : शास्त्राने आठ सात्त्विक भाव मोजले आहेत. त्यांपैकी स्वेद, कंप आणि स्वरभंग नवख्याला पहिल्याच रात्री विनासायास साधतात. उरलेल्या पाचांना काही वर्षे लागतात. ती लागली की काय होते, याचे उदाहरण निळू फुले. राष्ट्र सेवा दलात घडलेला आणि ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने गाजलेला हा सज्जन माणूस पडद्यावर खलनायक झाला, तेव्हा गावोगावच्या बायका त्याला खरोखरीचा दुष्ट समजू लागल्या. म्हणून खलनायकाने शिव्या खाऊन वाईट वाटून घेऊ नये. त्या बिदागीतच धराव्यात.

चारही विषय साधले तरी एक पेपर उरतो, तो बतावणीचा. गण-गवळणीनंतर सरदार सरळ प्रश्न विचारतो, सोंगाड्या तिरके उत्तर देतो आणि हशा पिकतो. हशा सोंगाड्याच्या नावावर जमा होतो, पण त्याची पेरणी सरदाराची असते. त्याने प्रश्न अर्ध्या दमाने आधी किंवा नंतर टाकला, तर दादू इंदुरीकरांसारख्या सोंगाड्याचाही फटका वाया जाईल. सरदाराने म्हणून मन लावून ऐकावे, उत्तर माहीत असूनही चकित व्हावे आणि स्वतः हसू नये. दुसऱ्याचा हशा संपेपर्यंत तोंड मिटून थांबता येणे ही अभिनयातील सर्वोच्च पायरी होय. तिथे फार थोडे पोहोचतात, कारण बहुतेकांना तेवढ्यात आपले वाक्य आठवते.

प्रमाणपत्र : टाळ्या पुरावा म्हणून ग्राह्य धरू नयेत, त्या पाहुण्यांच्या भाषणालाही मिळतात. पुढच्या वर्षी यात्रा कमिटीने घासाघीस न करता त्याच फडाला सुपारी दिली, तर नट उत्तीर्ण समजावा.