पाठमोरं शिवार

लातूरच्या बाजूला बहीण दिलेली असली की पुण्यातल्या माणसाला येळवसेचं आमंत्रण फुकट मिळतं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला तिकडे शेतात जेवायचं असतं. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात आणि ज्याला नाही तो ज्याला आहे त्याच्या शेतात. त्या दिवशी सरकारी कचेऱ्यांना स्थानिक सुट्टी असते आणि लातूर शहरात दुपारी चहाची टपरी शोधावी लागते, कारण टपरीवालाही कुणाच्या तरी बांधावर भज्जी खात बसलेला असतो.

आमच्या घराण्यातून या सोहळ्याला आजवर मी, बायको आणि ओव्याची डबी एवढेच जात असू. अक्काच्या शेतात कधी हरभरा असायचा, कधी ज्वारी. हरभरा बघायला पुण्याहून सात तास प्रवास करायला कुणी तयार नव्हतं. यंदा मात्र अक्काने फोनवर आंबील, उंडे, खीर, भरीत अशी यादी सांगून झाल्यावर सहज एक वाक्य टाकलं. ‘ह्यांनी औंदा दोन एकर सूर्यफूल केलंय. लई फुललंय.’ फोन स्पीकरवर होता. रात्रीपर्यंत टेम्पो ट्रॅव्हलर ठरली.

जे नातलग माझ्या साठीला ‘गुडघे’ या कारणास्तव आले नव्हते ते सगळे आले. मोठी काकू आली, साडू आले, साडूंच्या बहिणीही आल्या. त्या आमच्या कोण लागतात हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. आणि मुख्य म्हणजे माझी पुतणी आली. ती रील करते. तिने आधी ग्रुपवर सूचना पाठवल्या होत्या : पिवळं नेसू नका, पांढरं किंवा निळं घाला, फुलं उठून दिसतात आणि माणसंही. ही सूचना वाचून घरातल्या यच्चयावत बायकांनी कपाटातलं सगळ्यात पिवळं नेसलं. ‘सूर्यफुलाला पांढरं कसलं नेसायचं, सुतकात आहोत का?’ हा काकूचा सवाल. काकूचा त्या शेतातला पहिला फोटो आजही उपलब्ध आहे. त्यात सूर्यफुलं आहेत आणि एक चष्मा आहे.

दाजींनी पेरणी ऑक्टोबरच्या मध्यावर केली होती. सूर्यफूल पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांनी फुलतं, म्हणजे येळवस आणि बहर यांची गाठ बरोबर पडली होती. पण येळवसेला शेतात गेल्या गेल्या फुलं बघता येत नाहीत. आधी कडब्याच्या कोपीत मांडलेल्या पांडवांची पूजा, मग नैवेद्य, मग शेताला फेरी, आणि मग जेवण. त्या जेवणाविषयी थोडं सांगायलाच हवं. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत. तूर, वाटाणा, वाल, हरभरा, हाताला लागेल तो हिरवा दाणा आणि पाला, सगळं बेसन लावून एका पातेल्यात रटरटवलेलं असतं. सोबत ज्वारी-बाजरीचे उंडे. आणि मडक्यातली आंबील. ताकातल्या ज्वारीच्या पिठाचं हे पेय पहिल्या पेल्यात तहान घालवतं आणि दुसऱ्यात बेत. साडूंनी तीन पेले घेतले. ते एरवी गणित शिकवायचे, त्यामुळे मोजून घेतले. चार वाजेपर्यंत कोपीभोवती आमचं अख्खं घराणं आडवं होतं आणि दोन एकर सूर्यफूल एकटंच उभं होतं.

‘उठा उठा, गोल्डन अवर!’ असं ओरडून पुतणीने सगळ्यांना उठवलं. मावळतीचं सोनेरी ऊन म्हणजे फोटोसाठी अमृत, असं तिचं म्हणणं. रस्ता शेताच्या पश्चिमेला. रस्त्यावर तोवर लातूरकडच्या गाड्यांची रांग लागली होती. आम्ही आमच्या शेताचे हक्काचे पाहुणे म्हणून जरा ताठ मानेने बांधावर पोचलो, आणि समोर बघतो तर फूल म्हणून एकही नाही. दोन एकरभर नुसत्या हिरव्या, लवदार, केसाळ पाठी. मावळतीचं अमृत थेट त्या पाठींवर पडलेलं.

‘काका, ही सगळी उलटी का आहेत?’ पुतणी किंचाळली.

दाजी शांतपणे तंबाखू मळत होते. ‘उलटी न्हाईत. तुमी उलट्या बाजूनं आलाव.’

‘पण सूर्य तर इकडे आहे! सूर्यफुलं सूर्याकडे बघतात ना?’

‘लहानपणी बघत्यात. मोठं झाल्यावर कोण बघत बसतंय? कामं असत्यात.’

दाजींचं हे म्हणणं थेट विज्ञानाला धरून आहे. झाड कोवळं असताना दिवसभर सूर्यामागे मान फिरवतं. दिवसा दांड्याची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते म्हणून शेंडा पश्चिमेला झुकतो, रात्री पश्चिमेची बाजू वाढते आणि पहाटेपर्यंत स्वारी पुन्हा पूर्वेला तोंड करून हजर. हे सगळं झाडाच्या आतल्या घड्याळावर चालतं, असं कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१६ साली ‘सायन्स’मध्ये मांडलं. पण फूल पुरतं उमललं की वाढ थांबते, मान आखडते आणि तोंड कायमचं पूर्वेकडे राहतं. त्यात फुलाचा धंदा आहे. पूर्वाभिमुख फूल सकाळच्या उन्हात लवकर तापतं आणि ऊबदार फुलावर मधमाश्या जास्त येतात. त्याच संशोधकांनी काही कुंड्या फिरवून फुलांची तोंडं पश्चिमेला केली, तर पूर्वेकडच्या फुलांवर पाचपटीपर्यंत जास्त माश्या आल्या. म्हणजे सूर्यफुलाचं ऑफिस सकाळी असतं. आमचं घराणं संध्याकाळी पाच वाजता, तेही ढेकर देत, शटर ओढलेल्या दुकानापुढे पिवळं नेसून उभं होतं.

‘मग पलीकडून जाऊ,’ असं ठरलं. पलीकडे जायचं तर ओळींमधून. सूर्यफुलाची पानं चित्रात मऊ असतात. प्रत्यक्षात ती खरखरीत असतात आणि दंडावर बोचकारे काढून खाज लावतात. झाडं डोक्याच्याही वर, त्यामुळे साडूंच्या दोन बहिणी आत गेल्या आणि बराच वेळ एकमेकींना हाका मारत राहिल्या. सगळे पलीकडे पोचलो तेव्हा फुलं समोरून दिसली खरी, पण सूर्य त्यांच्या मागे. प्रत्येक फोटोत फुलं काळी, माणसं काळी आणि मधोमध एक लखलखीत ठिपका. साडूंनी मात्र तेवढ्यात एका फुलावर बोट ठेवून चक्राकार रांगा मोजायला सुरुवात केली. एका दिशेने ३४, दुसऱ्या दिशेने ५५. ‘फिबोनाची!’ असं म्हणून त्यांनी साऱ्या शिवाराकडे बघितलं. शिवारातून पोपटांनी उत्तर दिलं.

हे पोपट म्हणजे दाजींची खरी डोकेदुखी. एका कोपऱ्यातल्या काही ओळी आधी पेरल्या होत्या, त्यात दाणा भरत आला होता. तिथे राघूंची पंगत बसली होती. दाजी पत्र्याचा डबा बडवतात, गोफण फिरवतात, झगमगत्या फिती ताणतात. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी तिथे बुजगावणं उभं केलं होतं. त्याच्या अंगातला शर्ट मी लगेच ओळखला. तो माझा होता. गेल्या दिवाळीत ‘दाजींना होईल, चांगला आहे’ म्हणून मी अक्काला दिला होता. एक राघू माझ्या उजव्या खांद्यावर बसून निवांत दाणा सोलत होता. पुतणीने त्या दिवसाचा एकमेव चांगला फोटो काढला तो या प्रसंगाचा. ‘काका, तू यात किती रिलॅक्स्ड दिसतोस,’ असं ती वर म्हणाली.

‘एकट्यानं लावलं की असंच व्हतंय,’ दाजी म्हणाले. ‘समद्या तालुक्याचे राघू माझ्याच रानात. आनि आता समद्या तालुक्याच्या गाड्याबी.’

अक्काचे सासरे, तात्या, बाजेवर बसून हा तमाशा बघत होते. ते म्हणाले, ‘नव्वद-ब्याण्णव साली हितून पार त्या टेकाडापातुर पिवळंच होतं. कुत्रं फोटो काढत नव्हतं.’

तात्या खोटं बोलत नव्हते. तेलासाठीचं सूर्यफूल आपल्याकडे आलं ते रशियातून, १९६९ साली आणलेल्या वाणांतून, आणि पुढच्या वीसेक वर्षांत लातूर, धाराशिव, बीडच्या काळ्या रानात त्याने बस्तान बसवलं. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राने त्याचे वाणही काढले. १९९३-९४ च्या सुमारास देशात २६ लाख हेक्टरांवर सूर्यफूल होतं. आता ते तीन लाखांच्या आसपास रेंगाळतं. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीला नेक्रोसिस हा विषाणूरोग आला, बाहेरून स्वस्त तेल आलं, सोयाबीन आलं. सूर्यफूल करणारे कमी झाले तसे उरलेल्यांच्या वाट्याला राघू वाढले, आणि राघूंना कंटाळून उरलेल्यांनीही सोडलं. आज आपण कढईत ओततो ते सूर्यफुलाचं तेल बहुतेक सगळं रशिया, युक्रेन, अर्जेंटिनातून येतं. २०२२ साली तिकडे तोफा सुरू झाल्या आणि आमच्याकडे काकूने भजी बंद केली. या कारवाईची कुठल्याच वाहिनीने दखल घेतली नाही. पीक होतं तेव्हा फूल दिसलं नाही, पीक गेल्यावर ते बघायला माणसं गाड्या काढून निघाली. यातलं काय चुकलं हे मला सांगता येणार नाही, कारण त्या गाड्यांतली एक आमची होती.

तोवर रस्त्यावरची मंडळी बांध ओलांडून आत शिरू लागली होती. एका जोडप्याबरोबर तर छत्री धरणारा माणूस आणि धुराचं नळकांडं होतं. टोरांटोजवळ राहणारा भाचा व्हिडिओ कॉलवर होता. त्याने तिथूनच इशारा दिला. कॅनडात हॅमिल्टनजवळ बोगल सीड्स नावाच्या शेताने २०१८ च्या जुलैमध्ये पैसे घेऊन लोकांना सूर्यफुलात फोटो काढायला सोडलं. थोड्याच दिवसांत इतक्या हजारो गाड्या आल्या की रस्ते तुंबले, पोलीस आले आणि मालकांना शेत पाहुण्यांसाठी बंद करावं लागलं. ‘दाजी, तिकीट लावा पण आकडा ठेवा,’ भाचा म्हणाला. दाजींनी तिकीट लावलं नाही. येळवसेला शेतात आलेल्या माणसाकडून पैसे घेणं म्हणजे शिव्याच खाणं. त्यांनी त्या साऱ्यांना, छत्रीवाल्यासकट, कोपीपाशी नेऊन आंबील पाजली. पाऊण तासात शेत मोकळं झालं. मंडळी बांधावर घोरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दाजींनी आम्हाला उठवलं. त्यांच्या हातात अक्काच्या जुन्या मलमलच्या साड्या फाडून केलेली फडकी होती.

‘चला. आता हायत फुलं तुमच्याकडं तोंड करून.’

खरंच होती. सगळं शिवार उन्हाकडे तोंड करून झळाळत होतं आणि आम्ही पूर्वेच्या बांधावरून ते बघत होतो. पण दाजींनी नुसतं बघू दिलं नाही. आपण ज्याला एक फूल म्हणतो त्यात हजारावर बारकी फुलं असतात. कडेच्या पिवळ्या पाकळ्या नुसत्या जाहिरातीपुरत्या, दाणा धरतो तो मधल्या तबकडीत. ती फुलं कडेकडून आत रोज थोडी थोडी उघडतात आणि माशी फिरली नाही तर दाणा पोचट राहतो. आसपास फवारण्या वाढल्यापासून माश्या कमी. म्हणून शेतकरी सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान हाताला मऊ फडकं गुंडाळून फुलांवरून हलकेच हात फिरवतात. दिवसाआड, बहर संपेपर्यंत.

‘म्हणजे आम्ही मधमाश्या?’ काकूने विचारलं.

‘व्हय. पन चावू नका.’

प्रत्येकाला एकेक ओळ मिळाली. काकूने पहिलंच फूल कढई घासावी तसं घासलं आणि तिला ओळीवरून काढून चहावर नेमण्यात आलं. साडू एकेका फुलावर प्रथम रांगा मोजत आणि मगच हात फिरवत, त्यामुळे अकरापर्यंत त्यांची नऊ फुलं झाली. मी माझी ओळ पूर्ण केली. हाताची बोटं, नाक आणि उरलेला शर्ट परागांनी पिवळा झाला होता. पुतणीने मात्र पांढरा कुडता घालून, फडकं ओढणीप्रमाणे लहरवत, एकाच ओळीत मागे-पुढे फेऱ्या घातल्या. एकदा केस नीट नव्हते, एकदा माशी अंगावर आली, एकदा मागे बुजगावणं आलं, म्हणजे मी आलो. दर खेपेला तीच फुलं, तोच हात. आम्ही निघालो तेव्हा ती निघालीच नाही. तिचं काम लॅपटॉपवरचं. शिवाय ‘मालिका’ करायची होती. बहर ओसरेपर्यंत ती अक्काकडे राहिली आणि रोज सकाळी त्याच ओळीत रील करत राहिली. तिथे उजेड चांगला पडतो, असं तिचं मत होतं.

संक्रांत उलटल्यावर मळणी झाली आणि दाजींचा फोन आला. मी आवंढा गिळून माझ्या ओळीची चौकशी केली.

‘बरी हाय. मधी मधी पोचट. साडूंच्या ओळीत नऊ फुलं भरली.’

‘आणि पोरीची?’

पलीकडे थोडा वेळ तंबाखू मळली गेली. ‘काय सांगू पाव्हणं, तबकडी गच्च. बोटाला जागा न्हाई. आमची मान्सं दिवसाआड हात फिरवायची, ही बया एका सकाळी धा-धा डाव फिरवायची. पुढल्या येळवसला तिला पंधरा दिवस अगुदर धाडा. आनि कॅमेरा जरा बिघडलेलाच द्या, म्हंजी पुन्यांदा पुन्यांदा काढावं लागंल.’

‘आणि आम्ही?’

‘तुमी या की जेवायला. तुमचा दुसरा एखादा शर्ट असंल तर तेवढा घिऊन या. पहिल्यावर राघू लई माजल्यात.’