किलोच्या भावाने

अमली पदार्थांच्या कारवाईचा फोटो आता आपल्याला पाठ झाला आहे. टेबलावर पांढऱ्या पुड्यांची आरास, मागे अधिकाऱ्यांची रांग, कडेला काळा बुरखा ओढलेला आरोपी आणि खाली जप्त मालाची किंमत. तीही आंतरराष्ट्रीय बाजारातली. कांद्याला मात्र लासलगावचाच भाव.

2024च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा कारखाना पकडला. धागेदोरे सांगली-दिल्लीपर्यंत गेले, माल सतराशे किलोंच्या पुढे आणि किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर. ग्रामीण भागात उद्योग यावेत ही आपली जुनी मागणी होतीच! पोलिसांनी काम चोख केले, वाद नाही. पण एमडीला अफूसारखे शेत लागत नाही की पावसाची वाट पाहावी लागत नाही. रसायने हवीत आणि ती शिजवणारा हवा. एक भट्टी विझली की दुसरी कुठे पेटली, ते पुढच्या फोटोत कळते.

टेबलावर मांडता येत नाही असाही एक हिशोब आहे. केंद्र सरकारने एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली. अहवाल 2019 साली आला. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या अडतीस जणांमागे एकाला काहीतरी उपचार मिळतात. दाखल होऊन उपचार घेणारा एकशेऐंशींत एक. बेकायदा नशेच्या विळख्यातल्या वीस जणांत एकाला कधीतरी दाखल होऊन उपचार मिळालेले. उरलेल्या एकोणिसांसाठी आपल्याकडे नशामुक्तीची शपथ आहे. दरवर्षी 26 जूनला ती शाळाशाळांतून दिली जाते, हात पुढे करून, एका सुरात. शपथेने माणूस सुधारतो यावर मंत्र्यांचा एवढा विश्वास कसा, त्यांनी तर स्वतःही घेतलेली असते. शाळेसमोरच्या टपरीवर 2012 पासून बंदी असलेला गुटखा तोवर शांतपणे विकला जात असतो.

अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यात 64-अ नावाचे एक कलम आहे. व्यसनी माणसाकडे अल्प प्रमाणात माल सापडला आणि तो आपणहून उपचारांना तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळते. अट एवढीच की उपचार अर्ध्यावर सोडायचे नाहीत. हे कलम जनजागृतीच्या फलकावर कधी वाचलेत? फलकावर जागा कमी असते, साहेबांचा फोटो मोठा असतो.

गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, पोरे गिळायला सुरुवात केली तेव्हा, 1986 साली, सुनंदा आणि अनिल अवचटांनी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पैसे दिले पु. ल. आणि सुनीताबाईंनी. टर्कीत, म्हणजे नशा तुटल्यावरच्या यातनांत, तळमळणाऱ्या माणसाशी बोलत बसणे, तो बरा होऊन घरी जाणे, पुन्हा घसरणे, पुन्हा दारात येणे, असे हे काम. यात जप्त काहीच होत नाही, त्यामुळे कॅमेरेही येत नाहीत. घरचे तर शेजाऱ्यांना ‘कोर्सला गेलाय’ असे सांगून मोकळे होतात.

अशा केंद्रांत खाटा वाढवा म्हणून निधी मागायला जा, तिजोरीवर ताण असल्याचे ऐकाल. तो ताण हलका करायला 2025च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचे उत्पादन शुल्क वाढवले. वर्षाला चौदा हजार कोटी जादा मिळतील, असा अंदाजही सांगितला. पिणारे किती कमी होतील, याचा अंदाज त्यात नव्हता.