भरतीची फाईल

रोहा तालुक्यातल्या खांब गावातून समुद्र दिसत नाही, म्हणून त्याच्याशी लढावे की मागे सरावे हा वाद तिथे चहाबरोबर निवांत घालता येतो. पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, तेवढी सवड नाही. तिथे पूर्वी गावकरी जोळ पद्धतीने एकत्र येऊन भरतीचे पाणी अडवणारे बांध राखत. १९४८च्या खारभूमी कायद्यानंतर ही काळजी सरकारने घेतली; गावाला आराम मिळाला, भरतीला त्याहून जास्त. आता बांधाला खांड पडते, दुरुस्तीचा प्रस्ताव वर जातो, पाणी आत येते. पाण्यामागून कांदळवन येते, आणि त्याला २००५पासून उच्च न्यायालयाचे संरक्षण. तिथल्या भातशेतीला एवढे भाग्य कधी लाभले नाही. लढावे? जरूर, फक्त समुद्राला प्रशासकीय मान्यता लागत नाही.