महिषासुर महाराजांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. महिषासुर महाराज,
चामुंडी बेट्ट, म्हैसूर.



खरं तर हे पत्र देवीला लिहायचं. पण तिच्या दारात आधीच रांग असते, आणि तक्रार रस्त्याबद्दल असल्यामुळे ती रस्त्याच्या टोकाला पुतळा होऊन उभ्या असणाऱ्याकडेच करावी, असं आमच्या सायकलवाल्या मंडळींचं मत पडलं. तुम्ही उजव्या हातात तलवार आणि डाव्या हातात नाग घेऊन ऐटीत उभे. आम्ही पोचतो तेव्हा आमच्या दोन्ही हातांत हँडल असतं आणि ते सोडवत नाही. मिशांचा तर प्रश्नच नाही. त्या खालीच उतरलेल्या असतात.

मी चामराजपुरमचा. आमच्याकडे सायकल चालवणं हा काही पराक्रम नव्हे. स्टेशनजवळ फाटक पडलं, चामराजनगरची गाडी गेली, फाटक उघडलं, निघाले. शहर एकंदरीत इतकं समजूतदार की 2017 साली इथे ‘ट्रिन ट्रिन’ ही सार्वजनिक सायकलसेवा सुरू झाली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. एवढ्या सरळमार्गी गावाच्या दक्षिणेला तुमचा डोंगर कुणी आणून ठेवला, याची चौकशी व्हायला हवी.

आकडे सांगायला मला लाज वाटते, तरी सांगतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटरवर, तुमचा माथा 1,060 च्या आसपास. म्हणजे सगळं रामायण जेमतेम 300 मीटरचं. मी आणि सायकल मिळून 90 किलो धरले, तर एवढं ओझं तितकं वर न्यायला हिशेबाने साधारण 63 किलोकॅलरी लागतात. शरीर उधळं असतं, चौपट खर्च करतं. तरी गाडी अडीचशेच्या पुढे जात नाही. खाली उतरून लोणी सोडलेला एक मसाला डोसा खाल्ला की त्याहून जास्त जमा होतं. इतका घाम गाळून माणूस शेवटी नफ्यात राहतो, म्हणजे वजन वाढतं, असा घाट दुसरीकडे कुठे असेल तर कळवावे.

पुण्याचे माझे मेव्हणे यावर हसतात. त्यांचा सिंहगड याच्या दुपटीने चढवतो. बोरघाटाचं तर काय बोलावं! मुंबई-पुणे सायकल शर्यतीत तिथे सगळ्यांच्या पुढे चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. खंडाळ्याला धापा टाकत पोचलेल्या माणसाला निदान पदवी तरी मिळते. तुमच्याकडे वर गेल्यावर काय मिळतं? माकड येतं आणि हँडलला लावलेली केळ्यांची पिशवी घेऊन जातं.

इतिहास पाहिला तरी तोच प्रकार. 1670 साली तिकडे तानाजी मालुसरे दोर लावून सिंहगडाचा कडा चढले. त्याच सुमारास इकडे दोड्ड देवराज वोडेयर तुमच्या डोंगरावर हजार पायऱ्या घालून देत होते आणि एका अखंड खडकातून नंदी घडवून घेत होते. तो नंदी अर्ध्याहून थोडा वर गेला आणि बसला. गेली साडेतीनशे वर्षं तो उठलेला नाही. त्याला कुणी नावं ठेवत नाही, उलट लोक प्रदक्षिणा घालतात. मी त्याहून खालच्या वळणावर दोन मिनिटं टेकलो तर मोटारसायकलवरचा पोरगा वेग कमी करून म्हणतो, “इन्नू स्वल्प, सर!” म्हणजे, अजून थोडंच.

तुमचं खरं क्रौर्य इथे आहे. चढ म्हणाल तर जगात याहून भयंकर पुष्कळ आहेत. स्पेनमधल्या आंग्लिरू घाटात काही ठिकाणी उतार 23 टक्क्यांवर जातो. 1910 साली टूर द फ्रान्स पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच घाटांत नेली, तेव्हा ऑक्टाव्ह लापीझ नावाच्या गड्याने आयोजकांना तोंडावर खुनी म्हटलं आणि वर ती शर्यत जिंकलीही. पण लापीझच्या वेळी पिरेनीजमध्ये पाहायला होतं कोण? तुमचा डोंगर गावाच्या डोळ्यांसमोर. 201 नंबरची बस धूर सोडत शेजारून जाते आणि तिच्या खिडकीत हमखास आमच्या गल्लीतलं कुणीतरी असतं. संध्याकाळी दुकानात प्रश्न येतो: “काल बेट्टावर चालत होतात ना? सायकल पंक्चर झाली होती का?”

पंक्चर झालेली नसते, महाराज. चेन पुढे लहान चक्रावर, मागे सगळ्यात मोठ्या चक्रावर, आणि तरीही अंगठा खालचा आणखी एक गिअर शोधत खटका दाबत राहतो. तो गिअर बनवलेलाच नाही, हे अंगठ्याला ठाऊक असतं. तरी दर वळणावर दाबतोच. कपाळावरचा घाम भुवईत थांबतो, तिथून चष्म्याच्या काचेवर, काचेवरून थेट सायकलच्या वरच्या नळीवर.

आणि पायऱ्यांवरच्या त्या बायका! नवस बोललेली बाई प्रत्येक पायरीला वाकून हळद-कुंकू लावते. वाकते, लावते, चढते, हजार वेळा. सत्तरीच्या आजीबाई, पायांत चप्पल नाही. मी गिअर, हेल्मेट आणि दुप्पट दराची पाण्याची बाटली घेऊन वर येतो, तर त्या तिथे बसून ताक पीत असतात आणि माझ्याकडे काळजीने बघतात. ती काळजी मला आंग्लिरूपेक्षा चढायला कठीण जाते.

तेव्हा मागण्या फार नाहीत. वळणांवर पाट्या लावा. फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या घाटात 21 वळणांना क्रमांक आहेत आणि जिंकणाऱ्यांची नावं आहेत. आमची नावं नकोत, किती उरली एवढं कळलं तरी पुरे. बसला खिडकीचे पडदे द्या. माकडांशी तुम्ही एकदा बोला, तुमचं ऐकतील. आणि हातातली तलवार जरा खाली करा. वर आलेल्या माणसाचं पहिलं स्वागत शस्त्राने व्हावं, हे बरं दिसत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चामराजपुरमचा एक सायकलस्वार

ता. क. आषाढातल्या शुक्रवारी वाट पाहू नये. त्या दिवशी खासगी वाहनांना वर बंदी असते. सायकल हे वाहन आहे की नाही, यावर एरवी आमच्यात वाद आहेत. पण त्या दिवसापुरतं ते वाहनच आहे, यावर सर्वांचं एकमत आहे.